श्रेय कॉइलला, काम सुईच्या टोकाचं

‘एमसी बसवलं आणि रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यातला चरचराट गेला’ हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता हसूही येत नाही. एमसी आणि एमएम हे रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजचे, म्हणजे सुई धरून तिच्या हालचालीची वीज करणाऱ्या भागाचे, दोन प्रकार.

एमएम, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट, तुमच्याकडे असेलच. सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला चुंबक असतो, तो स्थिर कॉइलजवळ हलतो आणि वीज निर्माण होते. एमसी, म्हणजे मूव्हिंग कॉइल, त्यात उलट: चुंबक जागेवर, दांडीला इवल्याशा कॉइल. वेढे कमी, म्हणून व्होल्टेजही कमी. एमएम साधारण 3 ते 5 मिलिव्होल्ट देतं, नेहमीचं एमसी अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास किंवा खाली. हा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या फोनो प्रीअँपचं बटण त्याप्रमाणे लावा, झालं. एमएमची सुई घरच्या घरी उपसून बदलता येते, एमसीची सहसा नाही. हेही झालं.

आता खरा घोळ. खाचेला कॉइल शिवत नाही, चुंबकही नाही. शिवतं ते हिऱ्याचं टोक. एलपी मिनिटाला 33⅓ फेरेच घेते, पण कडेची खाच सुईखालून सेकंदाला 50 सेंटिमीटर पळते आणि लेबलजवळची, म्हणजे शेवटच्या गाण्याची, जेमतेम 21. त्यामुळे 10 किलोहर्ट्झची एक अख्खी लाट कडेला 50 मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पसरते, आत 21 मायक्रॉनमध्ये कोंबली जाते. शंकूच्या आकाराच्या टोकाची त्रिज्या 15 ते 18 मायक्रॉन! ते त्या वळणात शिरणार कसं? लंबवर्तुळाकार टोकाची बाजू 8 मायक्रॉनच्या आसपास असते, मायक्रोलाइन आणि शिबाता या आकारांची टोकं त्याहून बारीक. चरचराट जातो तो इथे.

पुरावा हवा? डेनॉनचं डीएल-103 घ्या. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी 1960च्या दशकात बनलेलं, आजही नावाजलेलं अस्सल एमसी, आणि टोक साधं शंकूचं, 16.5 मायक्रॉनचं. उलट ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम95 मालिका एमएम आहे. एकाच बॉडीत शंकूपासून शिबातापर्यंत हवी ती सुई खोचा. म्हणजे ‘एमसी’ लिहिलेल्या डबीत जाड टोक असू शकतं आणि ‘एमएम’च्या डबीत बारीक. आणि डबीवर नुसतं ‘डायमंड स्टायलस’ लिहिणाऱ्यांनी तर कमालच केली. हिरा जवळजवळ सगळ्यांनाच असतो, आकार सांगा की!

कॉइलचा फायदा नाहीच असं नव्हे. एमएमच्या कॉइलला वेढे भरपूर, इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) जास्त, त्यामुळे केबलची कपॅसिटन्स (विजेचा भार साठवण्याची क्षमता) वाढली की वरच्या सुरांचा तोल ढळतो. एमसीला ही कटकट जवळजवळ नाही. पण हा झाला आवाजाच्या रंगाचा प्रश्न, चरचराटाचा नव्हे.

मी पैसे आधी टोकावर घालीन. फक्त मायक्रोलाइन किंवा शिबाता घेतलीत तर प्रोट्रॅक्टर, म्हणजे कार्ट्रिज जुळवायची पट्टी, काढून कोन नीट जुळवा. शंकूला थोडा वाकडेपणा चालून जातो, यांना नाही.