रांगोळीतल्या पणतीला उजेड कुठून येतो?

दिवाळी जवळ आली की ठाण्यात रांगोळीची प्रदर्शनं लागतात. शाळेचा नाहीतर मंडळाचा हॉल, खिडक्यांना काळे पडदे, जमिनीवर ओळीने चौकटी आणि प्रत्येक चौकटीवर वरून सोडलेला एकेक दिवा. कुठे महाराज, कुठे वारकरी, कुठे एखादी जुनी गायिका, आणि हमखास पणती हातात घेतलेली एक तरी बाई. लोक सगळ्यांत जास्त वेळ रेंगाळतात ते त्या पणतीपाशी.

त्या पणतीत असतं काय? शिरगोळा नावाच्या दगडाची पांढरी पूड, चिमूटभर पिवळा, चिमूटभर केशरी. स्वतःचा उजेड शून्य. पांढरी रांगोळी तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी फार तर ८०-९० टक्के परत पाठवते आणि काळी ४-५ टक्के. म्हणजे चित्रातली सर्वांत उजळ जागा सर्वांत काळ्या कोपऱ्याच्या जेमतेम वीस पट उजळ. खऱ्या अंधाऱ्या खोलीत ज्योत आणि तिच्या मागची भिंत यांच्यातला फरक हजारो पटींचा असतो. एवढा मोठा पसारा वीस पटींत कोंबायचा आणि तरीही बघणाऱ्याला ज्योत पेटलेली वाटली पाहिजे.

हे जमतं, कारण आपला डोळा प्रकाश मोजत नाही, ताडून बघतो. डोळ्याच्या पडद्यातून मेंदूकडे निरोप धाडणाऱ्या पेशींपैकी बऱ्याचशा मधल्या ठिपक्याची आजूबाजूच्या पट्ट्याशी तुलना करतात आणि फरक तेवढा कळवतात. कडेला अंधार, मग हळूहळू उजळत जाणारं वलय आणि मध्यभागी पांढरं, अशी मांडणी दिसली की मेंदू त्याचा अर्थ ‘इथे काहीतरी जळतंय’ असा लावतो. ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये यापुढची गंमत दाखवली. अशी वलयं असलेली चित्रं बघताना, चित्रातून येणारा प्रकाश तेवढाच असूनही, लोकांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या आकसत होत्या. नुसत्या भासापासूनही डोळा स्वतःला जपत होता!

म्हणून रांगोळीवाल्याचं खरं कसब ज्योतीत नसतं, वलयात असतं. चिमूट जमिनीजवळ सोडली तर कडा धारदार येते; हात वर उचलला की कण पडता पडता पांगतात आणि एक छटा दुसरीत विरत जाते. पणतीभोवती काम करणारा हात पाहा, तो सारखा वर-खाली होत असतो. ज्योतीचं पांढरं सगळ्यांत शेवटी पडतं आणि त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. आधीचे कित्येक तास अंधार रचण्यात गेलेले असतात.

या चौकटींतली पणतीवाली बाई बहुतेक वेळा एकाच चित्रावरून उतरवलेली असते. सावळाराम हळदणकरांनी १९४०च्या दशकात जलरंगात केलेलं ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. (ते रविवर्म्याचं म्हणून अजूनही फॉरवर्ड होत असतं. रविवर्मा १९०६ मध्येच गेला, पण फॉरवर्ड करणाऱ्यांना कोण सांगणार!) जलरंगाच्या रूढ पद्धतीत पांढरा रंग लावत नाहीत. जिथे लख्ख उजेड हवा तिथला कागद कोरा राखायचा. त्या चित्रात ज्योतीसमोर धरलेली बोटं आतून तांबूस उजळलेली दिसतात, आणि ते शरीरशास्त्राला धरून आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा-निळा प्रकाश शोषून घेतं, लाल बराचसा पार जाऊ देतं. मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवलं की दिसतं ते हेच. त्या बाईच्या चेहऱ्यावरचा शांत भाव आपल्यापर्यंत पोहोचतो, त्याचा मोठा वाटा या तांबूस बोटांचा आहे असं मला वाटतं. बोटं उजळली म्हणून ज्योत खरी वाटते, आणि ज्योत खरी वाटली की चेहराही.

मेंदूत उजेड-अंधाराची आणि रंगाची कामं बऱ्याच अंशी वेगवेगळ्या वाटांनी चालतात. आकार, खोली, हालचाल हे ओळखणारी वाट जवळजवळ रंगांधळी आहे. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी यावर बरंच काम केलं आहे. क्लोद मोने यांच्या १८७२च्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या चित्रातला केशरी सूर्य त्यांनी उदाहरण म्हणून घेतला. चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तर तो सूर्य ढगांत जवळपास नाहीसा होतो. रंग वेगळा, उजळपणा मात्र ढगाएवढाच. रंगाची वाट सांगते सूर्य आहे, दुसरी वाट म्हणते इथे काहीच नाही. या भांडणामुळे तो सूर्य जागेवर स्थिर वाटत नाही, लुकलुकत राहतो.

मोबाइलही याच गोष्टीचा फायदा उठवतो. फोटो साठवताना उजळपणाचा तपशील पूर्ण ठेवतात, रंगाचा बऱ्याचदा चौथा हिस्साच, आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. व्यक्तिचित्राची रांगोळी काढणारे मध्येच उठून, मागे सरून, डोळे बारीक करून बघतात तेव्हा ते रंग बाजूला सारून छटा तपासत असतात. गालावरचा तांबडा बोटभर सरकला तर चालून जातं. नाकाखालची सावली तेवढीच सरकली तर माणूसच बदलतो.

मग रंग काय करतो? तो बराचसा शेजाऱ्यावर जगतो. मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलॅं विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख होता. निळ्या-जांभळ्या कापडावरचा काळा फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने काळा रंग तपासला, तर रंगात खोट नव्हती. शेजारचा निळा त्याला बिघडवत होता. यातून त्याचं १८३९चं पुस्तक झालं. तीच राखाडी लालाशेजारी पडली की हिरवट वाटते, निळ्याशेजारी पिवळसर. चेहऱ्याच्या रांगोळीत सावलीसाठी वाटीत कालवलेली छटा नुसती पाहिली तर मळकट दिसते. चेहऱ्यावर पडली की जिवंत होते.

वरचा दिवासुद्धा एक शेजारीच. रात्रभर ट्यूबलाइटखाली रांगोळी पुरी करायची आणि सकाळी वरचा पिवळा बल्ब लावायचा, यात हमखास धक्का बसतो. बल्बच्या प्रकाशात निळा कमी आणि लाल भरपूर, त्यामुळे निळी पैठणी काळवंडते, ओठ भडक होतात. ट्यूबखाली तंतोतंत जुळलेले दोन लेक कलर (रांगोळीत मिसळायचे गडद पूडरंग) बल्बखाली वेगळे निघू शकतात, कारण डोळ्याला सारखे दिसणारे रंग प्रकाश सारख्याच रीतीने शोषतात असं नाही. जाणते लोक म्हणूनच पहिल्या चिमटीपासून प्रदर्शनाचाच दिवा लावून बसतात.

आता हॉलमधून बाहेर येऊ. गुढीपाडव्याला ठाण्याच्या गावदेवी मैदानात मोठी रांगोळी घातली जाते. तिथे पणतीची जादू चालणं कठीण, कारण अंधारी चौकटच नाही. आजूबाजूला ऊन, पांढरे सदरे, चकाकणाऱ्या गाड्या. रांगोळीतला पांढरा तिथे फक्त पांढराच दिसतो, पेटत नाही. म्हणून उघड्यावरच्या रांगोळ्या संस्कार भारतीच्या धर्तीच्या असतात. चाळणीने पसरलेले सपाट, गडद रंग आणि त्यांवर बोटांतून सोडलेल्या पांढऱ्या रेघा. उजेडाने सांगायचं राहतं ते इथे रंगाला सांगावं लागतं.

रंगांतून भाव ओळखणं मात्र उपजत आणि सवयीचं असं दोन्ही मिळून बनलेलं दिसतं. ३० देशांतल्या लोकांना बारा रंगांची नावं देऊन त्यांच्याशी कोणत्या भावना जुळतात असं विचारणारी एक पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. लाल म्हणजे प्रेम आणि रागही, काळा म्हणजे दुःख, यावर देशोदेशी बरंच एकमत निघालं. पांढऱ्याशी दुःख मात्र चीनमध्ये जास्त जोडलं गेलं. आधीच्या वर्षी ५५ देशांच्या पाहणीत दिसलं होतं की पिवळा आणि आनंद यांची जोडी थंड, पावसाळी, विषुववृत्तापासून दूरच्या देशांत अधिक घट्ट असते. मे महिन्यात दुपारी बारा वाजता ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. तो पिवळ्या उन्हाकडे नाही, काळ्या ढगाकडे डोळे लावून बसलेला असतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग नेमून दिलेला आहे. रौद्राला लाल, भयानकाला काळा, हे आजच्या पाहणीतही खपून जाईल. अद्भुताला पिवळा, करुणाला पारव्याच्या पाठीचा करडा. आणि शृंगाराला गुलाबीही नाही, लालही नाही, तर श्याम, पाऊस घेऊन येणाऱ्या ढगाचा.