रेशनचं धान्य आणि पुराच्या मदतीचं धान्य: दुकान एकच, यादी वेगळी

पूर ओसरला की तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. "आमचं कार्ड पांढरं, आम्हाला काही मिळणार नाही." "या महिन्याचं रेशन उचललंय, म्हणजे मदतीचं धान्य कापलं जाईल." "कार्डच वाहून गेलं, आता काय!" तिन्ही चूक. तरी गावोगावी तीच फिरतात, आणि यांच्या नादानं कितीतरी घरं यादीत नाव घालायलाच जात नाहीत.

रेशन सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते थोडक्यात. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे 35 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. हा हक्क आहे. पूर येवो न येवो, तो चालूच राहतो. गावातलं दुकान पाण्यात गेलं असेल तर दुसऱ्या गावच्या कोणत्याही दुकानातून उचला, चालतं. कार्ड वाहून गेलं तरी बारा अंकी क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगून दुकानातल्या मशिनवर कुटुंबाची नोंद उघडते. एकाचा अंगठा उठत नसेल तर कार्डावरच्या दुसऱ्या सदस्याचा लावून पाहा. चिखल उपसून बोटं सोललेली असली की अंगठा उठत नाहीच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मदतीचं धान्य हा वेगळाच कारभार आहे. तो कायमचा हक्क नव्हे. त्या त्या आपत्तीनंतर सरकार शासन निर्णय काढतं आणि त्यातच कुणाला किती ते ठरतं. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर कुटुंबामागे 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ दिले गेले. पुढच्या वेळी तेवढेच मिळतील असं धरून चालू नका. निर्णयाचा कागद वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारी गेल्या पुरातली कात्रणं तर वाचूच नका.

मग घोळ होतो कुठे? हे धान्यही बहुधा त्याच रेशन दुकानातून, तसल्याच पोत्यातून येतं. त्यामुळे दुकानदार "तुमचा कोटा झाला" म्हणाला की माणूस मुकाट्यानं घरी जातो. पण कोटा असतो रेशनचा. मदतीचं धान्य कार्डाच्या रंगावर मिळत नाही, ते पंचनाम्यावर मिळतं. पांढरं कार्ड असलेल्या माणसाच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं तर तो बाधित आहे. पिवळं कार्ड असलेल्याचं घर टेकडीवर कोरडं राहिलं तर तो बाधित नाही. रंग उत्पन्न सांगतो, पाणी कुठवर आलं ते नाही. म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर तहसीलमधून आलेली यादी असते आणि तुमचं नाव त्यात असतं किंवा नसतं. भांडायचंच असेल तर यादी होण्याआधी भांडा.

तेव्हा सगळा जीव पंचनाम्यात आहे. पाणी उतरलं की बायाबापड्या आधी भिंती धुवायला घेतात. तेवढं एक करू नका. भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ उमटलेली असते. तिच्या शेजारी माणूस उभा करून फोटो काढा. मोबाईलमध्ये तारीख आपोआप नोंदली जाते. भिजलेल्या धान्याच्या कणग्या, चिखलात रुतलेली भांडी, सगळ्याचे फोटो घ्या. मग धुवा. तलाठी, ग्रामसेवक आले की पाणी किती दिवस होतं ते त्यांच्याकडून पंचनाम्यात नीट लिहून घ्या. कपडे आणि भांड्यांसाठीच्या आर्थिक मदतीच्या निकषात, घर वाहून गेलेलं किंवा पूर्ण पडलेलं नसेल तर, दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असावं अशी अट आहे. अशीच दोन दिवसांची अट 2019 मध्ये मोफत धान्याच्या निर्णयात होती आणि तिच्यावरून कोल्हापूर-सांगलीत गदारोळ झाला होता. "पाणी आलं होतं" एवढंच लिहून सोडलेला पंचनामा पुढे नडतो. कोणत्या तारखेला शिरलं आणि कोणत्या तारखेला निघालं, दोन्ही हवं.

दुसरी ठेच 'कुटुंब' या शब्दाशी लागते. रेशन माणशी, मदत कुटुंबामागे. आठ माणसांच्या प्राधान्य घराला रेशन 40 किलो मिळतं. 2021 च्या हिशेबानं मदत मात्र 20 किलोच. एका छपराखाली तीन भावांच्या तीन चुली असतील आणि पंचनाम्यात थोरल्याचंच नाव असेल तर एकच वाटा येतो. चूल वेगळी असेल तर पंचनाम्याच्या वेळीच सांगा. वेगळं रेशनकार्ड किंवा वीजबिल दाखवता आलं तर उत्तम.

भाडेकरूंचं तर हमखास राहून जातं. घरमालकाचं नाव लिहितात आणि पुढे निघतात. भिंत मालकाची हे खरं, पण भिजलेलं पीठ आणि वाहून गेलेली भांडी तिथं राहणाऱ्याची. नाव भाडेकरूचं लागलं पाहिजे, आणि ते मागून घ्यावं लागतं.

सामाजिक संस्थांचे किट आणि निवारा केंद्रातलं जेवण हे ना रेशनमध्ये मोडतं, ना मदतीच्या धान्यात. ते घेतल्यानं तुमचं रेशन बुडत नाही. फक्त रोजच्या निर्वाहासाठी जी रोख मदत असते, ती निवारा केंद्रात राहणाऱ्यांसाठी नसते, एवढं ध्यानात ठेवा. आणि पंचनाम्यात नाव घालायला कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. त्याला फी नाही.

यादीत नाव नसेल तर तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज करा: घर क्रमांक, पाणी शिरल्या-निघाल्याच्या तारखा, घरातल्या माणसांची नावं आधारवर आहेत तशीच, बँक खातं, सोबत फोटो. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. रेशनची तक्रार 1967 वर करा, आपत्तीची जिल्हा नियंत्रण कक्षाच्या 1077 वर. उलट लावलात तर दोन्हीकडून एकच उत्तर येईल: हे आमच्याकडे नाही.