वस्तान खाणीतले आद्य प्रायमेट

वस्तान ही गुजरातेत सुरत जिल्ह्यातली लिग्नाइटची (तपकिरी कोळशाची) खाण. तिथल्या थरांत साधारण ५.४५ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे इओसीन काळाच्या सुरुवातीचे जीवाश्म मिळालेत. वटवाघळं, साप, घोडा-गेंड्याच्या चुलतघराण्यातला कॅम्बेथेरियम असं बरंच काही, आणि त्यातच भारतातले आत्तापर्यंत माहीत असलेले सगळ्यात जुने प्रायमेट. प्रायमेट म्हणजे नरवानर गण, लेमूर, लोरिस, टार्शियर असे झाडांवरचे प्राणी, माकडं आणि आपण, सगळी एकच भावकी.

मार्कगोडिनॉशियस (२००५) आणि एशियाडॅपिस (२००७) ही इथली मुख्य नावं, दोन्ही मुळात दात-जबड्यांवरून पडलेली. हे नेहमीचंच आहे, कारण दातावरचं इनॅमल टिकतं आणि बाकीचा जीव मातीला मिळतो. अमेरिकेतल्या माँटाना भागातला पर्गेटोरियस हा प्राणी घ्या, काळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता तेव्हाचा, तो पण बराच काळ फक्त दातांवरूनच माहीत होता, मग घोट्याची हाडं मिळाली आणि कळलं की हा झाडावर चढणारा होता. तो खरा प्रायमेट की नुसता जवळचा नातेवाईक यावर अजून भांडण आहेच.

वस्तानची खरी गंमत २०१६ मध्ये आली. तिथल्या हातापायांच्या २५ हाडांचा अभ्यास छापून आला. उंदराएवढे प्राणी, झाडांवर राहणारे, पण ना लांब उड्यांचे पट्टीचे, ना लोरिससारखे हळूहळू सरकणारे. प्रायमेटच्या दोन मोठ्या शाखा आहेत, एक लेमूर-लोरिसची आणि दुसरी टार्शियर, माकडं, माणसांची, आणि वस्तानमध्ये दोन्हीकडचे प्राणी असूनही त्यांची हाडं एकमेकांपासून ओळखायला जड जातात, म्हणजे फाटा फुटून फार दिवस झाले नसावेत. चीनच्या हुबेईमधला आर्किसेबस (२०१३) पण याच सुमाराचा, साधारण ५.५ कोटी वर्षांचा, वजन जेमतेम २०-३० ग्रॅम, जवळीक टार्शियरशी पण टाच मात्र माकडासारखी! याउलट जर्मनीतल्या मेसेलला सापडलेली 'इडा' नावाची प्रायमेट, ४.७ कोटी वर्षांची, सांगाडा जवळपास ९५ टक्के पूर्ण, २००९ मध्ये माणसाची पूर्वज म्हणून केवढा गाजावाजा झाला, पण बहुतेक तज्ज्ञ तिला लेमूरच्याच बाजूला बसवतात. माझ्या मते वस्तानच्या तुकड्यांनी तिच्यापेक्षा जास्त सांगितलंय.

घाई इथेही झालीच म्हणा. २००८ मध्ये वस्तानच्या काही दातांवरून अँथ्रासिमियास नावाचा प्राणी जाहीर झाला, आशियातला सगळ्यात जुना माकडवर्गीय म्हणून. पुढच्याच वर्षी दुसऱ्या टीमने सांगितलं, हा वेगळा कोणी नाही, लेमूरच्या बाजूचा आपला मार्कगोडिनॉशियसच आहे.