कॉलेजात झेरॉक्स, पीडीएफ, सिनेमे वापरताना परवानगी कधी लागते आणि अर्जात काय लिहायचं

आधी हे सांगून टाकतो, वर्गात शिकवायला म्हणून पुस्तकातलं एखादं प्रकरण झेरॉक्स करून पोरांना द्यायला कुणाकडेच अर्ज करावा लागत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(आय) बघा. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात काढलेली प्रत, प्रश्नपत्रिकेतला उतारा, उत्तरपत्रिकेत लिहिलेला मजकूर, यातलं काहीच उल्लंघन धरलं जात नाही. तरी 'सर्व हक्क सुरक्षित' वाचून आपले अर्धे प्राध्यापक गारठतात आणि उरलेले अर्धे अख्खं पुस्तक स्कॅन करून टेलिग्रामवर टाकतात, मधलं कुणी नाहीच.

दिल्लीची केस माहीत असलेली बरी. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा लावला, कारण सिलॅबसमधली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून तिथे कोर्सपॅक विकले जात होते. सप्टेंबर २०१६ मध्ये हायकोर्टाने दावा फेटाळला, आणि डिसेंबरात खंडपीठाने सांगितलं की शिकवण्याचा ओघ म्हणजे नुसता तासाचा वेळ नाही, नेमलेलं वाचन पण त्यात आलं, आणि कॉपी दुकानदाराने काढली म्हणून काही बिघडत नाही. किती पानं? शिकवायला जेवढी लागतील तेवढी. ते 'दहा टक्क्यांपर्यंत चालतं' वालं गणित जे सगळीकडे फिरतं ते आपल्या कायद्यात नाहीचे. फक्त कोर्सपॅकमधला मजकूर शिकवण्यासाठी खरंच लागत होता का आणि अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स चालते का, हे दोन मुद्दे खंडपीठाने साक्षीपुराव्यासाठी खाली पाठवले होते आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनीच केस मागे घेतली, त्यामुळे त्यावर निकाल असा आलाच नाही, म्हणून अख्खं पुस्तक कॉपी करायच्या भानगडीत पडू नका.

सिनेमा किंवा नाटक दाखवायचं असेल तर कलम ५२(१)(जे): प्रेक्षक फक्त स्टाफ, विद्यार्थी, पालक आणि कॉलेजच्या कामाशी संबंधित लोक असतील तर चालतं. बाहेरच्यांना बोलावलं की सूट संपली. एकांकिका स्पर्धेला जाताना लेखकाचं परवानगीपत्र मागतात ते याचमुळे, आणि प्रयोगाचे हक्क पुस्तकाच्या हक्कांपासून वेगळे असतात हे विसरू नका.

काही गोष्टींना विचारायचीच गरज नाही. लेखक वारल्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजा, म्हणजे १९६५ साली वारलेल्या लेखकाचं हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०२६ पासून मोकळं. पण त्याचं भाषांतर कुणी नंतर केलं असेल तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजायचा, इथे बरेच जण फसतात. कोर्टाचे निकाल पण छापता येतात, त्या कोर्टाने मनाई केलेली नसली म्हणजे झालं, लॉ आणि पॉलिटिकल सायन्सवाल्यांची सोय. क्रिएटिव्ह कॉमन्सवालं साहित्य, म्हणजे लेखकाने काही अटींवर सगळ्यांना आधीच वापरायला दिलेलं, लायसन्सची अट वाचून वापरा. विकिपीडियाचा मजकूर विकला तरी चालतो, पण श्रेय द्यायचं आणि पुढे त्याच लायसन्सखाली ठेवायचं. एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअरला, म्हणजे नेटवर मोफत ठेवलेल्या कोर्सच्या साहित्याला, मात्र धंद्यासाठी वापर चालत नाही.

मग अर्ज कधी? नोट्सचं पुस्तक काढताय, युट्यूबवर किंवा कॉलेजच्या उघड्या वेबसाइटवर टाकताय, किंवा भाषांतर छापताय, तेव्हा. लॉगिनमागे फक्त आपल्याच वर्गाला दिलं तर तुमची बाजू बरीच भक्कम राहते. लायब्ररीच्या ई-जर्नलचं वेगळं आहे, तिथे प्रकाशकाशी झालेला करार चालतो, त्यामुळे शेकडो पेपर एका दमात डाउनलोड करू नका, अख्ख्या कॉलेजचा ॲक्सेस बंद होऊ शकतो.

अर्ज कुणाला करायचा ते पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर बघा. मराठी पुस्तकांत हक्क बऱ्याचदा लेखकाकडे किंवा वारसांकडे असतात, प्रकाशकाकडे नाही, म्हणून आधी प्रकाशकाला फोन करून हक्क नक्की कुणाकडे आहेत ते विचारा. इंग्रजी प्रकाशकांच्या साइटवर परवानगीचा फॉर्म असतो. झेरॉक्सच्या हक्कांसाठी आयआरआरओ (इंडियन रिप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशन) ही नोंदणीकृत संस्था आहे, तिच्याकडूनही लायसन्स मिळतं, पण तिच्या यादीत ते पुस्तक आहे का ते आधी तपासा.

अर्जात पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्ती, वर्ष, आयएसबीएन, पान नंबर, कोर्स आणि सेमिस्टर, विद्यार्थी किती, छापील की ऑनलाइन, किती वर्षांसाठी आणि विकणार की फुकट, एवढं सगळं लिहा. सोबत कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांचं पत्र आणि त्या पानांची कॉपी. फी सांगितली तर ती कशासाठी आणि किती प्रतींसाठी आहे ते पत्रात येऊ द्या. परवानगी लेखीच घ्या, कलम ३० लायसन्स लेखी मागतं, फोनवरच्या 'हो हो सर, वापरा ना' ला काही किंमत नाही.

उत्तरच आलं नाही तर त्याचा अर्थ होकार असा काढायचा नाही. एकदा आठवण करा, तरी गप्प असतील तर उतारा गाळून स्वतःच्या शब्दात मुद्दा लिहा आणि संदर्भ द्या, कारण हक्क मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही.