सॉर्बिट्रेट जिथे उलटते

छातीत दुखू लागले की जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवायची, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू बहुधा आनुवंशिक दोषामुळे जाड होण्याच्या विकारात मात्र तीच गोळी रुग्णाला भोवळ आणू शकते.

सुमारे ५०० प्रौढांमागे एकाला आढळणाऱ्या या विकारात बहुतेकदा खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा जाड होतो. पुष्कळ रुग्णांत त्यामुळे डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडण्याची वाट अरुंद होते आणि आकुंचनाच्या वेळी मायट्रल झडपेची (डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपेची) पाकळीही त्या वाटेत ओढली जाते. हा अडथळा सतत सारखा नसतो. कप्पा भरलेला असताना वाट मोकळी राहते, तो रिकामा होऊ लागला की भिंती जवळ येतात. नायट्रेट (सॉर्बिट्रेट याच गटातले) किंवा रक्तदाबासाठी सर्रास दिले जाणारे ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते, कप्पा झपाट्याने रिकामा होतो आणि अडथळा वाढतो. जुलाबांनी शरीरातले पाणी घटले तरी हेच घडते.

म्हणून उपचार मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरपासून सुरू होतो, कारण ठोके मंदावले की कप्प्याला भरायला अवधी मिळतो. ते सोसत नसेल तर व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम देतात. पण व्हेरापामिलही रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे तीव्र अडथळ्यासोबत रक्तदाब कमी असेल तर ते टाळलेलेच बरे. डायसोपिरामाइड आकुंचनाचा जोर कमी करते, मात्र तोंडाला कोरड पडते आणि लघवी अडू शकते.

अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळालेले मॅव्हाकॅम्टेन थेट स्नायूतील मायोसिन या प्रथिनाला आवर घालते. हा आवर जास्त झाला तर हृदय दुबळे पडते. म्हणून ठरावीक अंतराने इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात आणि इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण) ५० टक्क्यांखाली गेल्यास औषध थांबवतात. ॲसिडिटीसाठी आपण सहज घेतो ते ओमेप्राझोलसुद्धा रक्तातले मॅव्हाकॅम्टेनचे प्रमाण वाढवते, ही बाब रुग्णाने सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळणार कशी?

अडथळा नसलेल्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीत मात्र मॅव्हाकॅम्टेन २०२५ मध्ये अपेक्षेला उतरले नाही. त्यामुळे अडथळा आहे की नाही, हे काटेकोरपणे तपासावे लागते. निजलेल्या स्थितीत न दिसणारा अडथळा श्वास कोंडून जोर लावल्यावर किंवा व्यायामानंतर केलेल्या इकोमध्ये अनेकदा उघड होतो.