युरोपात सीमेपलीकडे गाडी चालवायची तर: एकल सुरक्षा प्रमाणपत्राचा अर्ज

म्युनिकहून निघून, इन्सब्रुकमार्गे ब्रेनर घाट ओलांडून व्हेरोनापर्यंत मालगाडी न्यायची असे एखाद्या कंपनीने ठरवले, तर ती गाडी जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली अशा तीन देशांतून जाते. रुळांची रुंदी तिन्हीकडे १४३५ मिलिमीटरच असली, तरी ब्रेनरपाशी १५ किलोव्होल्टचा एसी वीजपुरवठा संपून ३ किलोव्होल्टचा डीसी सुरू होतो, सिग्नलची पद्धत बदलते आणि नियंत्रण कक्षाशी बोलण्याची भाषाही बदलते. एसी-डीसीच्या बदलासाठी इगतपुरीला इंजिन बदलणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातील विजेचा भाग सहज कळेल. मात्र इगतपुरीला नियमपुस्तक बदलत नसे आणि युरोपात सीमेवर नेमके तेच बदलत असे. हा फरक कायद्याने किती मिटवता येईल, याचे उत्तर म्हणजे युरोपीय संघाचे ‘एकल सुरक्षा प्रमाणपत्र’. ते कोणाला लागते, कोणाकडे मागायचे आणि त्यासाठी कोणती कागदपत्रे सिद्ध ठेवायची, हे येथे पाहू.

आधी कायद्याची चौकट. युरोपीय संघात ‘निर्देश’ आणि ‘विनियम’ असे दोन प्रकारचे कायदे येथे लागू होतात. निर्देशातील उद्दिष्ट प्रत्येक सदस्य देशाने आपल्या राष्ट्रीय कायद्यात उतरवायचे असते, तर विनियम कोणत्याही देशाच्या संसदेची वाट न पाहता थेट लागू होतो. रेल्वे सुरक्षेचा पहिला सामाईक निर्देश २००४ सालचा, क्रमांक २००४/४९. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग होते: सुरक्षा व्यवस्थापन प्रणालीला, म्हणजे कंपनी आपले धोके ओळखून हाताळते त्या रीतसर पद्धतीला, मान्यता देणारा ‘अ’ भाग आणि विशिष्ट देशाच्या जाळ्यावर गाडी चालवण्याची पात्रता सांगणारा ‘ब’ भाग. ‘अ’ भाग सर्वत्र चालत असे. ‘ब’ भाग मात्र प्रत्येक देशात नव्याने, त्या त्या प्राधिकरणाच्या पद्धतीने आणि वेळापत्रकाने मिळवावा लागे. २०१६ साली आलेल्या ‘चौथ्या रेल्वे पॅकेज’ या कायद्यांच्या संचाने ही दुहेरी व्यवस्था मोडीत काढली. निर्देश २०१६/७९८ सुरक्षेसाठी, निर्देश २०१६/७९७ परस्पर-परिचालनासाठी, म्हणजे एका देशाची गाडी दुसऱ्या देशाच्या जाळ्यावर चालवता यावी यासाठी, आणि विनियम २०१६/७९६ युरोपीय संघाच्या रेल्वे एजन्सीसाठी, असे हे तांत्रिक त्रिकूट आहे. एजन्सीचे मुख्यालय उत्तर फ्रान्समधील व्हॅलेन्सिएन येथे आहे. देशांनी निर्देश स्वीकारण्याची मूळ मुदत १६ जून २०१९ होती. बहुतेकांनी वर्षभर वाढवून घेतली आणि कोविडमुळे ती अखेर ३१ ऑक्टोबर २०२० पर्यंत लांबली.

प्रमाणपत्र कोणाला लागते

मालवाहतूक असो, प्रवासी वाहतूक असो किंवा केवळ शंटिंग असो, संघाच्या मुख्य रेल्वेजाळ्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीला हे प्रमाणपत्र आवश्यक आहे. मेट्रो या निर्देशाच्या कक्षेबाहेर आहे. ट्राम व तत्सम हलकी रेल्वे आणि उर्वरित जाळ्यापासून कार्यदृष्ट्या वेगळे असलेले स्थानिक मार्ग यांनाही तो सामान्यतः लागू होत नाही. रूळ, सिग्नल आणि स्थानके सांभाळणाऱ्या पायाभूत सुविधा व्यवस्थापकाचा रस्ताही वेगळा आहे. त्याला ‘सुरक्षा प्राधिकृती’ लागते आणि ती त्या देशाचे राष्ट्रीय सुरक्षा प्राधिकरण देते. त्यात एजन्सीकडे अर्ज करण्याचा प्रश्न येत नाही.

येथे नवख्या अर्जदाराचा एक गोंधळ हमखास होतो, म्हणून थोडे थांबतो. सुरक्षा प्रमाणपत्र म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. परवाना निर्देश २०१२/३४ खाली कंपनी ज्या देशात स्थापन झाली आहे तेथे मिळतो आणि त्यासाठी सचोटी, आर्थिक क्षमता, व्यावसायिक पात्रता आणि नागरी दायित्वाचे विमासंरक्षण या चार गोष्टी पाहिल्या जातात. इंजिन किंवा डबा रुळावर आणण्यासाठी निर्देश २०१६/७९७ खालचे वाहन-प्राधिकरण निराळे असते. चालकाला निर्देश २००७/५९ नुसार दहा वर्षांचा परवाना आणि त्याच्या जोडीला विशिष्ट मार्ग व विशिष्ट वाहनांसाठीचे पूरक प्रमाणपत्र लागते. सुरक्षा प्रमाणपत्राचा विषय या सर्वांहून वेगळा आहे: ही माणसे, ही वाहने आणि हे मार्ग हाताळण्याची शिस्त कंपनीकडे संस्था म्हणून आहे की नाही, एवढेच ते तपासते.

अर्ज कोणाकडे

गाड्या एकाच देशात धावणार असतील, तर अर्जदाराला निवड आहे. तो राष्ट्रीय प्राधिकरणाकडे जाऊ शकतो किंवा थेट एजन्सीकडे. एकाहून अधिक देशांत धावणार असतील, तर प्रमाणपत्र एजन्सीच देते. दोन्ही बाबतीत अर्ज ‘वन-स्टॉप शॉप’ या एकाच ऑनलाइन खिडकीतून भरायचा असतो आणि पुढचा पत्रव्यवहारही तेथेच नोंदला जातो.

एक सवलत मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शेजारच्या देशातील सीमेलगतच्या स्थानकापर्यंतच गाडी जाणार असेल आणि तेथील जाळ्याची वैशिष्ट्ये व परिचालनाचे नियम सारखेच असतील, तर संबंधित प्राधिकरणांशी सल्लामसलत झाल्यावर मूळ प्रमाणपत्र कार्यक्षेत्र न वाढवताही तेथे चालते.

कागदपत्रे

अर्जात काय काय असावे, हे अंमलबजावणी विनियम २०१८/७६३ च्या पहिल्या परिशिष्टात दिले आहे. प्राथमिक माहितीचा भाग सोपा आहे: अर्ज नवा, नूतनीकरणाचा की बदलाचा, कंपनीचे कायदेशीर नाव, पत्ता व संपर्क-व्यक्ती, वाहतुकीचा प्रकार, म्हणजे प्रवासी असल्यास अतिवेगवान गाड्यांसह की त्याविना आणि माल असल्यास धोकादायक मालासह की त्याविना, कोणत्या देशांत, आणि सेवा कधी सुरू करायची आहे. यातील ‘धोकादायक मालासह’ हे शब्द घाईने निवडू नयेत. २००९ च्या जूनमध्ये इटलीतील व्हियारेज्जो स्थानकात एलपीजीच्या मालगाडीतील एका डब्याच्या चाकांचा आस तुटला, गाडी घसरली, वायूचा भडका उडाला आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. डब्यांच्या देखभालीची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्या आगीनंतर युरोपभर तीव्रतेने विचारला गेला. पाठोपाठ २०११ साली मालडब्यांच्या देखभाल-जबाबदार संस्थांना प्रमाणपत्र सक्तीचे करणारा विनियम आला आणि पुढे विनियम २०१९/७७९ ने त्या व्यवस्थेची व्याप्ती इतर वाहनांपर्यंत नेली. म्हणून आपल्या गाडीतील प्रत्येक डब्यामागे कोणती देखभाल-संस्था उभी आहे, हे कंपनीला दाखवता आले पाहिजे.

अर्जाचा गाभा आहे सुरक्षा व्यवस्थापन प्रणालीचा पुरावा. ही प्रणाली कशी असावी, हे प्रत्यायोजित विनियम २०१८/७६२ सांगतो: संस्थेचा संदर्भ, नेतृत्व, नियोजन, साहाय्य, परिचालन, कामगिरीचे मूल्यमापन आणि सुधारणा, अशा सात शीर्षकांखाली. वाचायला ही यादी कोणत्याही गुणवत्ता-प्रमाणपत्रासारखी वाटते आणि अनेक अर्ज तसेच, कोणाकडून तरी आणलेल्या नमुन्यावर नाव बदलून, लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. ‘नियोजन’ या शीर्षकाखाली कंपनीला आपले धोके स्वतः ओळखायचे असतात. ब्रेनरच्या उतारावर जड गाडीचे ब्रेक कसे तपासले जातील, इटालियन बाजूला चालक कोण असेल आणि त्याला भाषा कितपत येते, वीज बदलताना चूक होऊ नये म्हणून काय व्यवस्था आहे, असे ते प्रश्न आहेत. कोणताही महत्त्वाचा तांत्रिक, परिचालनविषयक किंवा संघटनात्मक बदल करताना धोक्याचे मूल्यमापन विनियम ४०२/२०१३ मधील सामाईक पद्धतीने करावे लागते आणि प्रणाली प्रत्यक्षात चालते आहे की नाही, यावर विनियम १०७८/२०१२ नुसार कंपनीनेच देखरेख ठेवायची असते. मानवी आणि संघटनात्मक घटक, म्हणजे थकवा, गैरसमज, चूक सांगण्याची भीती, हेही आता प्रणालीत स्पष्टपणे यावे लागतात. माझ्या मते आधीच्या व्यवस्थेच्या तुलनेत हा सर्वांत मोलाचा बदल आहे.

हा पुरावा सुटा जोडून चालत नाही. त्यासोबत एक ताळमेळ-तक्ता द्यावा लागतो, ज्यात विनियम २०१८/७६२ मधील प्रत्येक अपेक्षेसमोर आपल्या कोणत्या दस्तऐवजाच्या कोणत्या परिच्छेदात ती पूर्ण होते, हे दाखवलेले असते. परिचालनाच्या सामाईक तांत्रिक निकषांसाठी, म्हणजे विनियम २०१९/७७३ साठी, तसाच ताळमेळ लागतो. मूल्यमापन करणारा अधिकारी फाइल या तक्त्याच्या वाटेने वाचतो. त्यामुळे तक्ता ढिसाळ असेल, तर आतली प्रणाली उत्तम असूनही प्रश्नांचा पाऊस पडतो.

दुसरा भाग राष्ट्रीय नियमांचा. सर्व काही युरोपीय पातळीवर एकसारखे झालेले नाही; युरोपीय निकषांत न बसणारे पण रीतसर अधिसूचित केलेले नियम प्रत्येक देशाकडे उरले आहेत. ते आपण कसे पाळणार, हे देशागणिक वेगळे दाखवावे लागते. हा भाग त्या देशाच्या किंवा त्या देशाने स्वीकारलेल्या भाषेत द्यायचा असतो, तर व्यवस्थापन प्रणालीचा भाग संघाच्या कोणत्याही एका अधिकृत भाषेत चालतो. सुसूत्रीकरण खरोखर किती झाले, हे मोजायचे असेल तर भाषणे वाचण्यापेक्षा हा दुसरा भाग किती पानांचा आहे ते पाहावे. पूर्वीचा सुधारात्मक कृती-आराखडा अपूर्ण असेल, तर त्याची सद्यःस्थितीही जोडावी लागते.

छाननी आणि मुदती

अर्ज करण्याआधी पूर्वसंपर्काची सोय आहे. ती ऐच्छिक आहे, पण तीन देशांचा अर्ज असेल तर ती वगळणे शहाणपणाचे नाही, कारण कोणत्या देशाला कोणता कागद कोणत्या भाषेत हवा हे त्या टप्प्यावरच कळते. अर्ज दाखल झाल्यावर तो पूर्ण आहे की नाही, हे एका महिन्यात कळवले जाते. त्यानंतर व्यवस्थापन प्रणालीची तपासणी एजन्सी करते आणि राष्ट्रीय नियमांची तपासणी त्या त्या देशाचे प्राधिकरण करते. आवश्यक ती सर्व माहिती आणि मागितलेला पूरक तपशील हाती आल्यापासून जास्तीत जास्त चार महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तपासणीचे शुल्क अर्जदाराकडून घेतले जाते. एजन्सीचा आपला भाग तासांच्या हिशेबाने आकारला जातो, म्हणजे फाइल जितकी विस्कळीत तितके बिल मोठे.

छाननीत निघणाऱ्या शंकांचे चार प्रकार केलेले आहेत. पहिल्यात केवळ खुलासा हवा असतो. दुसऱ्यात फाइलमध्ये दुरुस्ती किंवा किरकोळ कृती सुचवलेली असते, पण ती प्रमाणपत्र अडवत नाही. तिसऱ्यात ठोस कृती आवश्यक असते, मात्र ती प्रमाणपत्र मिळाल्यानंतर करता येते. चौथ्या प्रकारची शंका दूर होईपर्यंत प्रमाणपत्र मिळत नाही. एजन्सी आणि एखाद्या देशाचे प्राधिकरण यांचे मत जुळले नाही, तर त्यांनी एकमेकांना मान्य होईल असा तोडगा काढायचा असतो. तो न निघाल्यास प्रकरण एजन्सीच्या अपील मंडळापुढे लवादासाठी नेता येते. अर्ज नाकारल्यास कारणे देणे बंधनकारक आहे. अर्जदाराने एका महिन्यात फेरविचार मागावा. त्यावर दोन महिन्यांत उत्तर मिळते आणि एजन्सीचा नकार कायम राहिला, तर अपील मंडळाकडे जाता येते.

प्रमाणपत्र हाती आल्यावर

प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे असते. कोणतीही नवी सेवा सुरू करण्याच्या किमान दोन महिने आधी संबंधित देशाच्या प्राधिकरणाला कळवावे लागते आणि सोबत कर्मचाऱ्यांच्या श्रेणी व वाहनांचे प्रकारही द्यावे लागतात, कारण प्रमाणपत्र एजन्सीने दिले तरी देखरेख त्या त्या देशाचे प्राधिकरणच करते. ते तपासणी करते, गंभीर धोका दिसला तर तात्काळ परिचालन रोखू शकते आणि अटींचा भंग झाला असेल तर एजन्सीला प्रमाणपत्र मर्यादित किंवा रद्द करण्यास सांगू शकते. ही प्राधिकरणे रेल्वे कंपन्यांपासून आणि पायाभूत सुविधा व्यवस्थापकांपासून स्वतंत्र असावी लागतात. भारतात रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली का येतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यामागचा विचार वेगळा समजावून सांगायला नको. 

वाहतुकीचा प्रकार, व्याप्ती किंवा कार्यक्षेत्र यांत मोठा बदल झाला, तर अद्ययावतीकरणाचा अर्ज करावा लागतो. आपल्या ब्रेनरच्या कंपनीला पुढे इटलीतून स्लोव्हेनियाकडे वळायचे असेल, तर प्रश्न किती आत जायचे हा आहे. सीमेजवळच्या सेझाना स्थानकापर्यंतच गाडी जाणार असेल आणि सवलतीच्या अटी पूर्ण होत असतील, तर प्राधिकरणांशी सल्लामसलत पुरेशी ठरू शकते. कोपरच्या बंदरापर्यंत जायचे असेल, तर स्लोव्हेनियाच्या राष्ट्रीय नियमांचा भाग जोडून एजन्सीकडे अर्ज करावा लागेल आणि राष्ट्रीय नियमांची तपासणी फक्त स्लोव्हेनियाचे प्राधिकरण करील. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली यांनी आधी तपासलेले नियम पुन्हा उघडले जात नाहीत.