आखूड हौदा आणि घोड्यांचा ट्रेलर: सगळा खेळ एका मीटरचा

अमेरिकेत जुलैच्या सुरुवातीला, तिथल्या स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे, रोडिओ स्पर्धांची (उधळत्या घोड्या-बैलांवर बसणं, दोरी टाकून वासरं पकडणं अशा काउबॉय खेळांची) इतकी गर्दी होते की त्या दिवसांना 'काउबॉय ख्रिसमस' असं नावच पडलं आहे. स्पर्धक रात्रभर गाडी चालवत एका गावाहून दुसऱ्या गावी जातात आणि त्यांचे घोडे मागच्या ट्रेलरमध्ये उभे असतात. यातले बरेचसे ट्रेलर 'गूजनेक' पद्धतीचे. ट्रेलरची पुढची बाजू मान उंचावून पिकअप ट्रकच्या हौद्यावर येते आणि हौद्याच्या तळाला बसवलेल्या सुमारे ५९ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी गोळ्यावर टेकते. हा गोळा मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा काही सेंटिमीटर पुढे असतो. या रचनेचे सगळे फायदे तिथूनच येतात, आणि आखूड हौद्याच्या ट्रकचं दुखणंही तिथूनच सुरू होतं.

आधी फायदे पाहू. साध्या ट्रेलरचा हुक ट्रकच्या बंपरखाली, मागच्या ॲक्सलपासून बराच मागे असतो. समजा ट्रकच्या दोन ॲक्सलमधलं अंतर ३.६ मीटर आहे, हुक मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आहे आणि त्यावर ५०० किलो भार आला. तरफेच्या नियमानं पुढच्या चाकांवरचा सुमारे १६७ किलो भार कमी होतो आणि मागच्या चाकांवर ६६७ किलो पडतो. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, तसाच हा प्रकार. ज्या चाकांनी गाडी वळवायची त्यांचीच रस्त्यावरची पकड कमी होते. तोच भार ॲक्सलच्या वर ठेवला तर पुढची चाकं हलकी होत नाहीत.

दुसरा फायदा मला याहून मोलाचा वाटतो. वाऱ्याच्या झोतानं किंवा शेजारून गेलेल्या मोठ्या ट्रकमुळे ट्रेलर हेलकावू लागला की तो हुकाला डावी-उजवीकडे ढकलतो. हुक ॲक्सलच्या मागे असेल तर हा धक्का ट्रकची शेपूट फिरवतो, ट्रक वळला की ट्रेलर आणखी झुलतो, आणि वेग जास्त असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. गोळा ॲक्सलवर असला की त्या धक्क्याला ट्रक फिरवण्यासाठी तरफेचा हातच मिळत नाही. विमानं बनवणारा ग्लेन कर्टिस १९२० च्या दशकाच्या अखेरीस फिरत्या घरांच्या ट्रेलरकडे वळला, तेव्हा त्यानंही जोड मोटारीच्या मागच्या भागात आत घेतला होता, आणि धक्के शोषण्यासाठी त्यात विमानाचं चाक आडवं बसवलं होतं.

आता दुखणं. चार दारांची ऐसपैस केबिन आणि आठ फुटांचा हौदा एकत्र घेतला तर ट्रक जवळपास पावणेसात मीटर लांब होतो. गॅरेजमध्ये मावत नाही, पार्किंगमध्ये अडतो. म्हणून बरेच जण साडेसहा फुटांच्या आसपासचा हौदा घेतात. पण लांब हौद्यात गोळ्यापासून केबिनच्या मागच्या काचेपर्यंत साधारण १.४ मीटर जागा असते, ती आखूड हौद्यात जेमतेम एक मीटर उरते. ट्रेलरचं नाक २.१ मीटर रुंद, सपाट, आणि गोळ्याच्या ३० सेंटिमीटर पुढे आलेलं आहे असं धरा. त्याचा कोपरा गोळ्यापासून सुमारे १.०९ मीटरवर येतो आणि ट्रेलर वळला की तो त्याच त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो. लांब हौद्यात हे वर्तुळ केबिनपर्यंत पोचतच नाही. आखूड हौद्यात मात्र ट्रक आणि ट्रेलर यांच्यातला कोन ५० अंशांच्या जवळ गेला की कोपरा थेट काचेवर येतो.

हमरस्त्यावर एवढा कोन कधी होत नाही. तो होतो रिव्हर्स घेताना. पुढे जाताना ट्रेलर आपोआप सरळ होऊ पाहतो, मागे जाताना उलट: थोडासा कोन पडला की तो वाढतच जातो. म्हणून घोडे चढवण्याआधी मोकळ्या मैदानात, केबिनच्या कोपऱ्यापाशी एका माणसाला उभं करून, आपल्या जोडीचा धोक्याचा कोन बघून घ्यावा. आरशात ट्रेलर कसा दिसतो तेव्हा थांबायचं, हे डोळ्यांत बसलं पाहिजे.

उपाय आहेत. नाकाचे कोपरे छाटलेला, निमुळता ट्रेलर हा माझ्या मते सर्वांत चांगला, कारण त्यात अडचण मुळातच कमी होते. दुसरा उपाय, ट्रेलरचा गोळ्यावर बसणारा जोड पुढे काढण्याचा: त्यामुळे अख्खा ट्रेलर थोडा मागे सरतो, पण मानेवर जास्त वाक पडतो, म्हणून ट्रेलर बनवणाऱ्याची मान्यता असल्याशिवाय तो लावू नये. गोळाच मागे सरकवून ॲक्सलच्या पलीकडे नेणं मला पटत नाही. ज्यासाठी गूजनेक घेतला तोच फायदा त्यात कमी होतो.

वजनाचा हिशेबही वेगळा करावा लागतो. गूजनेकच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा हौद्यावर येतो. घोड्यांसकट ट्रेलर सहा टनांचा असेल तर सव्वा ते दीड टन. हलक्या पिकअपला तो झेपत नाही, मग जाहिरातीत ओढण्याची ताकद कितीही लिहिलेली असो. ट्रक किती भार वाहू शकतो तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेला असतो.

आणि आत जिवंत जनावर आहे. पाचशे किलोचा घोडा चार पायांवर तोल सांभाळत उभा असतो. त्याला रस्ता दिसत नाही, पुढे वळण आहे हे कळत नाही. १२ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १५ किलोमीटर वेग असेल तर त्याच्या दृष्टीनं जमीन सुमारे ८ अंशांनी कलते. वेग २५ केला तर हा कल २२ अंशांवर जातो, कारण बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. त्यात गूजनेक वळण आतून कापतो: गोळ्यापासून आठ मीटर मागे चाकं असतील तर याच वळणावर ती ट्रकच्या चाकांपेक्षा तीन मीटरपर्यंत आत येऊ शकतात. म्हणून जाणते चालक वळणात रुंद शिरतात, वळणाच्या आधीच वेग उतरवतात आणि ट्रक सरळ झाला तरी लगेच ॲक्सिलरेटर दाबत नाहीत. ट्रेलर अजून वळणातच असतो, आणि घोडेही.